सहा विद्यापीठं, एक पितळी पाटी

सहा विद्यापीठांनी मिळून एक फलक करायचा, एवढंच ठरलं होतं. हायवेच्या कडेला दोन खांबांवर उभा असतो ना, तसला साधा फलक. त्यावर सहा नावं, एक हसरी मुलगी, तिच्यामागे झाड आणि खाली एक ओळ. शिकलेली माणसं असलं काम एका दुपारात उरकतात. आम्ही जरा जास्तच शिकलेले असल्यामुळे आम्हाला फेब्रुवारी ते ऑक्टोबर लागले.

मी कॅझ मॅलिनाक. टोलेडोच्या सेंट बोबोला युनिव्हर्सिटीत एकवीस वर्षं जनसंपर्क आणि मार्केटिंगचा संचालक आहे. म्हणजे होतो, पण ते पुढे येईल. बोबोला हे एका पोलिश हुतात्म्याचं नाव आहे, हसू नका. लोकांना हसू नका असं सांगणं हाच माझ्या नोकरीचा निम्मा भाग. खात्यात मी, मांडणी आणि चित्रं बघणारी मार्सेला, आणि एक छपाईयंत्र. तिघांत यंत्र सर्वांत ज्येष्ठ, आणि त्याचा स्वभावही तसाच.

फेब्रुवारीत आमच्या उपाध्यक्षा ग्रेटाबाई लिंडहोम यांनी मला बोलावलं.

"कॅझ, बसा."

ग्रेटाबाई "बसा" म्हणाल्या की समजायचं, उभ्यानं झेपणारी बातमी नाही.

"मुलं कमी येताहेत," त्या म्हणाल्या. "खाती एकत्र करावी लागणार. तुमचं खातं क्रीडाविभागाला जोडायचा विचार आहे."

"क्रीडाविभागाला? म्हणजे कोणाच्या हाताखाली?"

"बड स्क्रोगिन्सच्या."

बड स्क्रोगिन्सबद्दल मला वैयक्तिक आकस नाही. जो आहे तो तात्त्विक आहे. हा माणूस जानेवारीत अर्धी चड्डी घालतो, च्युइंगम चघळत प्रार्थनेला उभा राहतो आणि समोर कोणीही असो, "काय वस्ताद!" म्हणून पाठीत धपाटा घालतो. आमच्या संघाचं चिन्ह करकोचा आहे. तर करकोच्याचा पोशाख घालून मैदानात कोलांट्या मारायला कोणी मिळालं नाही की बड स्वतः मारतो. ज्या माणसानं आयुष्यात एकही अर्धविराम वापरला नाही, त्याच्या सहीनं माझी रजा मंजूर होणार?

"पण," ग्रेटाबाई म्हणाल्या, "ती सहा जेझुइट विद्यापीठांची एकत्र मोहीम आहे ना? ती तुम्ही नीट पार पाडलीत, तर तुमचं खातं तुमच्याकडेच ठेवीन. ऑक्टोबरपर्यंत बघते."

झालं. माझी खुर्ची त्या फलकाला टांगली गेली.

आता ही एकत्र मोहीम म्हणजे काय, ते ऐका. जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांचा एक जुना संघ; त्यांनी काढलेल्या विद्यापीठांच्या जनसंपर्कवाल्यांचा वर्षातून एकदा मेळावा भरतो. तिथे आम्ही एकमेकांना मिठ्या मारतो आणि "आपण एकच कुटुंब" असं म्हणतो. ते अगदी खरं आहे. कुटुंबात असते तेवढी भाऊबंदकी आमच्यात पुरेपूर आहे. सगळ्यांना हवी असते ती एकच मुलगी: वय सतरा, क्लीव्हलंडजवळ राहणारी, गणितात हुशार, व्हायोलिन वाजवणारी. तिला सहाही जण आपापल्या नावानं पत्र पाठवतो, आणि वर मेळाव्यात भेटून म्हणतो, "तुम्हाला मिळाली म्हणजे आम्हालाच मिळाली." मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बैठका पडद्यावर व्हायच्या. फिलाडेल्फियाच्या जोग्स युनिव्हर्सिटीचा डेक्लन फेरिटर आमच्यातला श्रीमंत भाऊ. त्याच्यामागे भिंतभर पुस्तकं, तीही सगळी एकाच रंगाची. ओमाहाच्या कोस्टका युनिव्हर्सिटीची विल्मा ड्वोराक बैठकीत सूप पीत बसायची आणि सूप संपलं की बैठक संपली असं समजायची. उरलेले तिघे बहुतेक वेळ आवाज बंद करून बसत, त्यामुळे त्यांचं नाव घेऊन त्यांची झोप मोडत नाही.

पहिला प्रश्न आला नावांच्या क्रमाचा. मी म्हटलं, एबीसीच्या वर्णानुक्रमे लावू. कारण उघड होतं, बोबोला पहिलं येत होतं.

"वर्णानुक्रम फार यांत्रिक वाटतो," डेक्लन म्हणाला. "स्थापनेच्या सालाप्रमाणे लावू या."

"म्हणजे तुम्ही पहिले," विल्मा सुपातून म्हणाली.

"तो निव्वळ योगायोग आहे, विल्मा."

"मग रोमपासूनच्या अंतराप्रमाणे लावा की! तिथंही योगायोगानं तुम्हीच पहिले निघाल."

शेवटी गोल करायचं ठरलं. गोलात कोणी पहिला नसतो. पण गोलाला माथा असतो, हे दोन आठवड्यांनी डेक्लनच्या लक्षात आलं, आणि माथ्यावर कोण यावर आणखी तीन आठवडे गेले. मग मार्सेलानं तो गोल तिरका केला. तिरक्या गोलात बोबोला नेमकं त्या हसऱ्या मुलीच्या बुटाखाली गेलं. मी मोठ्या मनानं गप्प बसलो.

तुम्ही म्हणाल, मत टाकून मोकळे का झाला नाहीत? आमच्याकडे मतदान होत नसतं. आमच्याकडे मनन होतं. जेझुइट लोकांची ही चारशे-पाचशे वर्षांची रीत आहे. निर्णय घ्यायचा म्हणजे आधी सगळ्यांनी शांत बसायचं, आत काय हलतंय ते पाहायचं, मग एकेकानं ते सांगायचं, आणि कोणी कोणाला खोडायचं नाही. संतमहात्म्यांना ही रीत फार मानवली असेल. पण फलकाचा निळा रंग गडद असावा की फिका, यावर सहा मार्केटिंगवाले डोळे मिटून बसले की आत हलतं ते बहुतेक दुपारचं जेवण असतं. निळ्या रंगाचं मनन दोन बैठका चाललं. दुसऱ्या बैठकीत उरलेल्या तिघांपैकी एक जण मनन करताकरता घोरला, आणि डेक्लननं ते "खोल सहमती" म्हणून इतिवृत्तात घातलं.

मग आली ती खालची ओळ. जेझुइटांचा एक लाडका लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ 'अधिक'. देवासाठी अधिक, दुसऱ्यांसाठी अधिक, असा. शब्द चांगला आहे. अडचण एवढीच की सहाही विद्यापीठांनी तो आधीच उचलला होता. कोस्टकाचं घोषवाक्य 'अधिक व्हा', आमचं 'अधिकाकडे', तिसऱ्याचं 'आणखी अधिक', चौथ्याचं 'अधिकाहून अधिक'. जोग्सचं नुसतं 'अधिक', आणि पुढे पूर्णविराम. तो पूर्णविराम बाहेरच्या सल्लागारांनी आठ महिने खपून सुचवला होता, म्हणून डेक्लनला तो जीव की प्राण. कोणी मागे हटेना.

मार्सेला वैतागली. "कॅझ, ओळ ठरेपर्यंत तिथं काहीतरी लॅटिन टाकायला द्या. जागा तरी भरेल. नेहमीचं भरताड टाकलं की सगळे म्हणतात, काम अर्धवट आहे."

आमच्या जुन्या विज्ञान इमारतीत, पाण्याच्या नळाशेजारी, एक पितळी पाटी आहे. सन १९१२ ची. परीक्षेला जाताना मुलं तिच्यावरून हात फिरवतात, त्यामुळे ती सोन्यासारखी लखलखते. नवीन मुलांच्या आईबापांना इमारत दाखवताना मी तिच्यासमोर हमखास थांबायचो आणि हळू आवाजात म्हणायचो, "याचा अर्थ ज्यानं त्यानं शोधायचा." बाप लोक माना डोलवायचे. मी ती ओळ कागदावर उतरवून घेतली आणि मार्सेलाला दिली. ने क्विस हिक स्पुआत.

पुढच्या बैठकीत फलक पडद्यावर आला आणि सगळे तो वाचत बसले. चार मिनिटं. मला वाटलं, जोडणी तुटली.

मग डेक्लननं चष्मा काढला. "कॅझ, हे कुठून आणलंस?"

हे सध्यापुरतं आहे, असं सांगायची तीच वेळ होती. पण एकवीस वर्षांत डेक्लन फेरिटरनं माझ्यासमोर चष्मा काढला नव्हता.

"आमच्या जुन्या इमारतीत कोरलंय," मी म्हटलं. "१९१२ पासून."

"कसं थेट आहे बघा. आणि तरी किती खोल!"

"माझ्या तर अंगावर काटा आला," विल्मा म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं होतं. "स्पुआत. काय शब्द आहे!"

"आत्म्याचा शब्द त्याच मुळातला," डेक्लन म्हणाला. "श्वास. स्फुरण."

"अर्थातच," मी म्हटलं.

"तळाशी भाषांतर द्यायचं का?" तिघांपैकी एकानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"छे छे!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

आता तुम्ही म्हणाल, एखाद्या फादरना विचारायचं होतं. अहो, आमच्याकडे आता चारच फादर उरलेत. एक भौतिकशास्त्राचे, एक कायम विमानात, आणि दोघे वृद्धांच्या आश्रमात. शिवाय विचारायचं म्हणजे आधी "मला लॅटिन येत नाही" असं म्हणायला हवं. जेझुइट विद्यापीठात एकवीस वर्षं संचालकाच्या खुर्चीवर बसून ते म्हणायचं? त्यापेक्षा करकोच्याचा पोशाख घालणं सोपं.

ओळ एका बैठकीत मंजूर झाली, आणि मग गाडी जी उताराला लागली ती लागलीच. एका फलकाचे सहा फलक झाले, सहा शहरांत. मग बस. मग टीशर्ट, मफलर, कॉफीचे कप. ग्रेटाबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "कॅझ, शब्द भारदस्त आहेत हो!" माझी बायको बर्नाडेट दातांच्या दवाखान्यात काम करते. तिनं बारा कप तिकडे नेले, पेशंटना चूळ भरायला. मी हरकत घेतली, पण हळूच.

सप्टेंबरात बड आला. "काय वस्ताद! ती ओळ मला बेसबॉलच्या मैदानावर हवी. खेळाडू बसतात ना, त्या बाकांमागच्या भिंतीवर. चांगल्या हातभर अक्षरात."

"बड, ती गंभीर ओळ आहे."

"म्हणून तर. तिथं तिची फार गरज आहे."

मला त्याची दया आली. बिचाऱ्यालाही कुठेतरी आत्मिक तहान आहे, असं वाटलं. मी रंगारी पाठवून दिला.

मोहिमेचा मोठा समारंभ ऑक्टोबरात आमच्याच आवारात ठरला. सहाही विद्यापीठांचे अध्यक्ष येणार, आणि खास पाहुणे म्हणून रोमहून फादर उर्कियागा. समारंभाच्या सकाळी मी कपांची खोकी गाडीत भरत होतो. शेजारचे अर्ल हॉकिन्सन पानं गोळा करत होते. अर्ल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, लुथरन म्हणजे आमच्या कॅथलिक पंथाबाहेरचे, आणि न मागता सल्ला देण्यात एक नंबर. पन्हळ कधी साफ करावी, गवत किती कापावं, बायकोशी केव्हा बोलू नये, सगळं ते मला कुंपणावरून शिकवत आलेत.

"खोकं असं उचलू नकोस, कंबर धरेल," ते म्हणाले. "बघू तो कप." त्यांनी कप हातभर लांब धरला. "हे थुंकायचं काय लिहिलंय रे?"

"काय?"

"स्पुआत. अरे, चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं मी. जुने डॉक्टर चिठ्ठ्या लॅटिनमध्येच लिहायचे. गुळणीच्या बाटलीवर असायचं, गुळणी करून थुंका. त्यातलाच शब्द." ते पुन्हा ओठ हलवत वाचू लागले. "ने क्विस... कोणी नाही. हिक... इथं. इथं कोणी थुंकू नये. बरोबर. त्या काळी क्षयाची साथ होती ना, जिथं तिथं पाट्या असायच्या. पण कपावर कशाला? चांगल्या घरातला माणूस कपात कशाला थुंकेल?"

मी खोक्यावर बसलो. खोकं दबलं, आत काहीतरी फुटलं, पण मला उठवेना. सहा हायवे. चौतीस बस. एकवीस वर्षं मी आईबापांना त्या पाटीसमोर उभं करून सांगत होतो, याचा अर्थ ज्यानं त्यानं शोधायचा! आणि दवाखान्यातले बारा कप. बर्नाडेटचे पेशंट गेले महिनाभर लॅटिनचा सरळसरळ अपमान करत होते.

"चेहरा पडला तुझा," अर्ल म्हणाले. "न्याहारी केली नाहीस वाटतं. माणसानं न्याहारी चुकवू नये."

समारंभाला अर्धा तास होता. मी डेक्लन, विल्मा आणि त्या तिघांना कोट टांगायच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"एक विचारतो," मी म्हटलं. "कोणाला लॅटिन येतं?"

डेक्लन एका कोटाची बाही बघत राहिला.

"डेक्लन?"

"वाचतो मी," तो म्हणाला. "म्हणजे मोठ्यानं वाचतो. समजत नाही."

"मला वाटलं तुम्हा दोघांना समजतं!" विल्मा म्हणाली. "मी तर ओमाहाची साधी बाई!"

मी अर्थ सांगितला. विल्मानं तोंडावर हात ठेवला. तिघांपैकी एक जण खाली बसला. डेक्लनचा रंग आधी आमच्या फलकाच्या फिक्या निळ्यासारखा झाला, मग गडद.

"आमच्या अध्यक्षांनी तो मफलर गळ्यात घातलाय," तो म्हणाला. "त्यांनी तो घालून आईच्या पुण्यतिथीची प्रार्थना म्हटली."

"आता काय करायचं?"

"मनन करू या," विल्मा सवयीनं म्हणाली, आणि आम्ही सहा मोठी माणसं टांगलेल्या कोटांमध्ये डोळे मिटून उभे राहिलो. माझ्या आत काय हलत होतं ते स्पष्ट होतं: जानेवारी महिना, बडची अर्धी चड्डी, आणि माझ्या दारावरून उतरणारी माझ्या नावाची पाटी. पण त्याखाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते भीतीहून वाईट होतं. मला लाज वाटत होती. एवढी वर्षं त्या पाटीवरून जाताना एकदाही मला अर्थ कळावा असं वाटलं नव्हतं. फक्त तो मला कळतो असं दिसावं, एवढंच वाटलं होतं.

आम्ही काही ठरवायच्या आत बाहेर टाळ्या सुरू झाल्या.

फादर उर्कियागा लहानखुरे, टक्कल पडलेले, हसऱ्या डोळ्यांचे. व्यासपीठावर उभे राहून ते मागच्या पडद्याकडे वळले. तिथे ती ओळ खाटेएवढ्या अक्षरात होती. त्यांनी वाचली. परत वाचली. मग सगळीकडे पाहिलं, कपांकडे, मफलरांकडे, आमच्या छातीवरच्या बिल्ल्यांकडे.

"माफ करा," ते म्हणाले. "ही ओळ कोणी निवडली? तिचा अर्थ मला जरा समजावून सांगाल?"

ग्रेटाबाईंनी माझ्याकडे बघितलं. डेक्लननं माझ्याकडे बघितलं. तिघांनी जमिनीकडे बघितलं. मी उठलो. "फादर, मी निवडली," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य शोधू लागलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून बड उठला. अर्ध्या चड्डीवर कोट घालून आला होता.

"मी सांगतो, फादर. त्याचा अर्थ आहे, इथं कोणी थुंकू नये."

सभागृहात एक हसू फुटलं आणि दाबलं गेलं.

"ही पाटी आमच्याकडे १९१२ पासून आहे," बड म्हणाला. च्युइंगम त्यानं गालात सरकवला होता. "तेव्हा इथं कोण शिकायला यायचं? काचकारखान्यातल्या पोलिश, हंगेरियन मजुरांची पोरं. गावात लोक त्यांना बघून थुंकायचे. आज दुसरी पोरं येतात, आणि गावाला थुंकायला आज दुसरी माणसं मिळतात. आम्ही एवढंच म्हणतोय, की या सहा दारांच्या आत कोणी कोणावर थुंकायचं नाही. आमच्या कॅझनं ही ओळ धुंडाळून काढली. मला तर फार पटली. मी ती खेळाडूंच्या भिंतीवर लावलीय."

आणि तो खाली बसला.

फादर उर्कियागांनी डोळे पुसले. अगदी खरोखर पुसले. मग टाळ्या वाजायला लागल्या त्या थांबेनात. विल्मा रडत होती. डेक्लन शेजारच्याला सांगत होता, "आम्ही पहिल्यापासून याच दिशेनं विचार करत होतो." मी उभाच होतो, तोंड उघडं. मी एकवीस वर्षं शब्द विकतोय, पण त्या मिनिटभरात बडनं जे केलं ते मला सात जन्मांत जमलं नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि वाईट म्हणजे ग्रेटाबाईंनाही कळलं.

सफरचंदाचा रस आणि डोनट यांच्या टेबलापाशी त्यांनी मला गाठलं.

"कॅझ, अभिनंदन. मोहीम उत्तम झाली. तुम्ही शब्द पाळलात."

"म्हणजे खातं?"

"खातं राहील की. स्वतंत्र राहील." त्यांनी डोनटचा तुकडा मोडला. "फक्त मी विचार करतेय, त्याचं प्रमुख कोण असावं. तुमचं काय मत? प्रामाणिकपणे सांगा."

मी मनन केलं. तीन सेकंद पुरले.

"बड," मी म्हटलं.

बड मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा होता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. आभार मानायचे होते, पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"बड, तुला लॅटिन कधीपासून येतं?"

"कुठलं लॅटिन? मला एवढं एकच वाक्य येतं, वस्ताद. मी इथं शिकायला असताना त्या पाटीखालीच थुंकलो होतो, तंबाखू. फादर टिअर्नींनी बघितलं. तीनशे वेळा लिहून घेतलं माझ्याकडून, अर्थासकट." तो हसला. मग माझ्याकडे वळला. "तुला अर्थ माहीत होता ना रे?"

"अर्थातच" हा शब्द जिभेवर तयार होता. एकवीस वर्षं तो तिथेच राहायला होता.

"नाही," मी म्हटलं.

बडनं च्युइंगम काढून कागदात गुंडाळला आणि नीट खिशात ठेवला.

"मग सोमवारी सकाळी लिहायला बस," तो म्हणाला. "तीनशे वेळा. अर्थासकट."

साहेबांचा पहिलाच हुकूम होता. सोमवारी नऊ वाजता मी वही उघडून बसलो.